भाचीचा प्रोजेक्ट आणि गावच्या विहिरी

फेब्रुवारी-मार्च आला की आमच्या शाळेसमोरच्या स्टेशनरीच्या दुकानात प्रोजेक्टसाठी झुंबड उडते. 'पाणी हेच जीवन', 'प्रदूषण', 'आपले सण' अशा विषयांची छापील चित्रं आणि तयार मजकूर तिथे दहा-वीस रुपयांत मिळतो. मुलं ते वहीत चिकटवतात, आई रात्री बसून शीर्षकं रंगवते आणि दुसऱ्या दिवशी वही आमच्या टेबलावर येते. मी उर्दू माध्यमाच्या हायस्कूलमध्ये वीस वर्षं मराठी शिकवते आहे. प्रोजेक्ट म्हटलं की मला गोंदाचा वास येतो.

म्हणून माझ्या भाचीने, मोठ्या आपाच्या मुलीने, दोन वर्षांपूर्वी फोनवर सांगितलं की तिचा कॉलेजचा प्रोजेक्ट आहे आणि त्यासाठी मे महिन्यात गावी येऊन विहिरी मोजायच्या आहेत, तेव्हा मला आधी नीट उमजलंच नाही. विहिरी मोजायच्या म्हणजे किती आहेत ते मोजायचं का?

"नाही खाला, पाणी किती खाली आहे ते मोजायचं. आणि तुमच्या शाळेतले चार-पाच खडू लागतील. द्याल ना?"

खडूचं काय काम, ते पुढे सांगते.

आपाचं सासर सातारा जिल्ह्यात, खटाव तालुक्यात. ज्या जिल्ह्यातल्या महाबळेश्वरात वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळतो, त्याच जिल्ह्याच्या या पूर्वेकडच्या भागात त्याच्या दहाव्या हिश्श्याइतका पडला तरी लोक शुक्र मानतात. भाची पुण्यात बी.एस्सी. करते. प्रवेश केमिस्ट्रीसाठी घेतला होता. पहिल्या वर्षी जोडविषय म्हणून भूशास्त्र आलं आणि मग तिने तेच धरून ठेवलं. उर्दूत या विषयाला अर्जियात म्हणतात. जुना शब्द तबकातुल-अर्ज, म्हणजे जमिनीचे थर. आमच्या घरात मात्र या विषयाला बराच काळ 'दगडांचं कॉलेज' हेच नाव होतं.

या विषयात पदवीच्या शेवटच्या वर्षाला पुस्तकी परीक्षेबरोबर एक प्रोजेक्ट करावा लागतो. आता २०२० च्या नव्या शैक्षणिक धोरणानंतर फील्ड प्रोजेक्ट सगळ्याच शाखांच्या अभ्यासक्रमात आला आहे, आणि चौथं वर्ष संशोधनासह पूर्ण करण्याची सोयही झाली आहे. पण भूशास्त्रात ही गोष्ट नवी नाही. हातोडा, होकायंत्र आणि नकाशा घेऊन बाहेर पडल्याशिवाय हा विषय शिकताच येत नाही. भाचीच्या वर्गातल्या एकाने नगर जिल्ह्यात निघोजला कुकडी नदीच्या पात्रातले रांजणखळगे मोजले. एकीने रत्नागिरीजवळचा जांभा दगड निवडला. एका मुलाने पुण्याजवळच्या खाणींमधून मिळणाऱ्या, आपण ज्यांना सरसकट गारगोट्या म्हणतो त्या स्फटिकांचा अभ्यास केला. भाचीने आपल्या गावचं पाणी घेतलं. तिच्या सरांनी एवढंच सांगितलं, की गावातल्या जितक्या जमतील तितक्या विहिरी मे महिन्यात मोज, त्याच पुन्हा नोव्हेंबरमध्ये मोज, आणि काय दिसतं ते लिही.

ऐकायला सोपं वाटतं. आपाला ते मुळीच सोपं वाटलं नाही.

"लडकी जात है, बावडी में झाँकती फिरेगी क्या?" हा तिचा पहिला सवाल. दुसरा, लोक काय म्हणतील. तिसरा जास्त खरा होता. मे महिन्याचं ऊन, रानातल्या कठडा नसलेल्या जुन्या विहिरी, पाय घसरला तर? यातला तिसरा सवाल मलाही पटला. म्हणून आम्ही तिघींनी बसून काही गोष्टी ठरवल्या. धाकटा भाऊ बरोबर राहील. विहिरीत उतरायचं नाही, सगळं काठावरूनच करायचं. कठडा नसेल तिथे पोटावर झोपून टेप सोडायची. दहाच्या आत घरी यायचं. पहिल्या दोन गोष्टी ऐकून आपा थोडी नरमली. मी तिला हेही सांगितलं, की १९८३ साली अंटार्क्टिकाच्या मोहिमेवर गेलेल्या पहिल्या दोन भारतीय स्त्रियांपैकी सुदीप्ता सेनगुप्ता भूशास्त्रज्ञ होत्या, आणि दुसऱ्या, समुद्रशास्त्रज्ञ आदिती पंत, आपल्या नागपूरच्या. आपा म्हणाली, "वहाँ बरफ है, यहाँ साप है." पण परवानगी मिळाली.

आता खडूची गोष्ट. पोलादी टेपच्या टोकाला एक जड नट बांधायचा आणि शेवटच्या मीटरभर भागावर खडू चोळायचा. टेप विहिरीत सोडायची, टोक पाण्यात बुडालं की काठावरचा आकडा वाचायचा आणि टेप वर ओढायची. खडू जिथपर्यंत ओला झाला तिथे खूण दिसते. काठावरच्या आकड्यातून ओल्या भागाची लांबी वजा केली की काठापासून पाणी किती खाली आहे ते सेंटिमीटरपर्यंत कळतं. मग त्यातून कठड्याची उंची वजा करायची, कारण मोजायचं जमिनीपासून. वीस वर्षं खडू हातात धरला, पण त्याचा असा उपयोग असेल हे कधी मनात आलं नव्हतं.

सर्वांत महत्त्वाचं म्हणजे मोटर निदान काही तास बंद असायला हवी. मोटर चालू असताना मोजलेलं पाणी म्हणजे धावून आलेल्या माणसाची नाडी बघण्यासारखं. पण शेतीची वीज कधी दिवसा, कधी रात्री. म्हणून ही पोरं आदल्या दिवशी विजेची पाळी विचारून घ्यायची आणि फजरची नमाज झाली की सायकलवरून निघायची. तेरा दिवसांत त्यांनी अडतीस विहिरी केल्या. प्रत्येक विहिरीला एक क्रमांक दिला. मोबाइलवरून जागेचे अक्षांश-रेखांश घेतले, विहिरीची खोली, रुंदी, पाण्याची पातळी, पाण्यातले क्षार मोजायच्या छोट्या मीटरचा आकडा आणि विहिरीच्या भिंतीत दिसणारे दगडाचे थर, हे सगळं एका जाड वहीत उतरवलं.

खोलीच्या बाबतीत मोठी गंमत झाली. गावात विहिरीची खोली परसात सांगतात. परस म्हणजे पुरुषभर उंची. "आमची सात परस आहे," असं मालक छातीठोकपणे सांगायचा आणि टेप वेगळंच काही सांगायची. भाचीने दोन्ही आकडे लिहून ठेवले. एक 'मालकाने सांगितलेला', दुसरा 'मोजलेला'. मालकाला खोटं पाडायचं नव्हतं, आणि ऐकलेलं व मोजलेलं एकाच रकान्यात घालायचंही नव्हतं. मला वाटतं, तिच्या सबंध प्रोजेक्टमधून एकच गोष्ट शिकायची तर ती हे दोन रकाने.

दगडांच्या थरांबद्दल तिने मला विहिरीच्या काठावरच शिकवलं. महाराष्ट्राचा ऐंशी टक्क्यांहून जास्त भाग काळ्या पाषाणाचा, म्हणजे बेसॉल्टचा आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या भेगांतून लाव्हा बाहेर आला आणि थरावर थर साचत गेले. वरून पाहिलं तर हा सगळा एकसारखा दगड वाटतो, पण विहीर खोदणाऱ्याला त्यातला फरक पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. वर माती, मग मुरूम, मग भोकाभोकांचा आणि पांढरे ठिपके असलेला मांजऱ्या, कुठे लाल गेरूचा पट्टा आणि खाली घट्ट काळा कातळ. पाणी साठतं ते बहुतेक करून मुरमात आणि झिजलेल्या, भेगाळलेल्या दगडात. घट्ट कातळात फक्त फटी असतील तिथेच. म्हणूनच एका बोअरला पाणी लागतं आणि पन्नास फुटांवरचा पाचशे फूट खोल बोअर नुसती धूळ ओकतो.

आणि जिथे साठतं तिथेही किती साठतं? आपल्याला वाटतं, खाली पाण्याचा तलाव आहे. तसं काही नाही. झिजलेल्या बेसॉल्टमध्ये निचरून हाती येणारं पाणी साधारण एक ते तीन टक्के धरतात. आपण दोन टक्के धरू. एक हेक्टर रानाखालची पातळी एक मीटरने वाढली, तर दगड-मुरूम मिळून दहा हजार घनमीटर, त्याचे दोन टक्के म्हणजे दोनशे घनमीटर, म्हणजे दोन लाख लिटर पाणी. एक हेक्टर उसाला वर्षभरात साधारण दोन कोटी लिटर पाणी लागतं. दोन लाख आणि दोन कोटी! हा हिशेब मी नववीच्या वर्गात फळ्यावर मांडला, तेव्हा शेतकऱ्यांची मुलं एकमेकांकडे बघायला लागली.

नोव्हेंबरमध्ये भाची दिवाळीच्या सुट्टीत पुन्हा आली. पाऊस बरा झाला होता. विहिरी दोन-तीन मीटरनी वर आल्या होत्या, ओढ्याकाठच्या तर चार मीटरनी. अपेक्षेप्रमाणेच सगळं चाललं होतं, एक विहीर सोडून. ती गावच्या नळयोजनेची विहीर होती. आजूबाजूच्या विहिरी तीन मीटरनी वाढलेल्या, आणि ही फक्त चाळीस सेंटिमीटर.

तिच्या एका वर्गमित्राने फोनवर सल्ला दिला, "एकच आकडा आहे ना? शेजारच्या विहिरींशी जुळवून टाक. कोण येतंय मोजायला?" सल्ला वाईट मनाने दिलेला नव्हता. आलेख सुंदर दिसावा, तोंडी परीक्षेत कुणी अडवू नये, एवढाच हेतू. आमच्या शाळेतल्या प्रयोगवह्यांतही हेच चालतं. उत्तर आधी ठरलेलं असतं, आकडे मागून त्याला जुळवले जातात.

भाचीने आकडा जुळवला नाही. ती दुसऱ्या दिवशी योजनेचा पंप सुरू व्हायच्या आधी, पहाटे गेली आणि पुन्हा मोजलं. तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. मग तिने सरांना फोन केला. सर म्हणाले, "आकडा चुकला असेल तर तुझी मोजणी तपास. आकडा बरोबर असेल तर आजूबाजूला बघ."

आजूबाजूला बघितलं तेव्हा ओढ्याच्या पलीकडे, विहिरीपासून सव्वाशे-दीडशे मीटरवर, पावसाळ्याच्या तोंडावर घेतलेला एक नवा बोअर सापडला. रात्रभर चालणारा. आणि तो होता दुल्हेभाईंच्या चुलत भावाचा, म्हणजे तिच्या चाचांचा.

इथे माझ्या पोटात गोळा आला. महाराष्ट्रात १९९३ च्या कायद्यापासून सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून पाचशे मीटरच्या आत परवानगीशिवाय विहीर किंवा बोअर घेता येत नाही, हे मी वाचलेलं होतं. आता ही पोरगी काय लिहिणार? आणि भाऊबंदकीत त्याचे काय पडसाद उमटणार? आपा तर रडायलाच लागली. "इसके लिए भेजा था क्या कॉलेज को?"

भाची सरळ चाचांकडे गेली. तक्रार करायला नाही, मदत मागायला. "चाचा, एक दिवस तुमची मोटर बंद ठेवाल का? मला विहिरीचं पाणी मोजायचं आहे." चाचा हसले आणि म्हणाले, "एक दिन में क्या होता है बेटी, रख लेते बंद." योजनेचा पंप रोजच्यासारखाच चालू राहिला. फक्त चाचांची मोटर एक रात्र आणि एक दिवस थांबली. दुसऱ्या दिवशी पहाटे चाचा स्वतः काठावर आले होते. भाचीने टेप ओढली, ओली खूण त्यांना दाखवली. पाणी नव्वद सेंटिमीटरनी वर आलं होतं.

चाचा काही वेळ काही बोलले नाहीत. मग विचारलं, "हे लिहिणार?"

"लिहावं लागेल चाचा. पण प्रोजेक्टमध्ये कुणाचंच नाव नाही. सगळ्यांना क्रमांक आहेत."

तिने लिहिलं. आणि इथे तिच्या सरांचा मोठेपणा मला दिसला. तिच्या पहिल्या कच्च्या प्रतीत वाक्य होतं, 'बोअरमुळे विहिरीची पातळी खालावली.' सरांनी त्यावर लाल शाईने गोल केला आणि विचारलं, एका दिवसाच्या मोजणीवरून एवढं ठाम म्हणता येईल का? मग वाक्य झालं, 'बोअर बंद ठेवल्यावर विहिरीची पातळी वाढलेली आढळली. दोहोंचा संबंध असल्याचे दिसते. खात्रीसाठी अधिक काळ मोजणी आवश्यक.' मी भाषा शिकवते. ठाम वाक्य लिहायला आम्ही मुलांना शिकवतो, पण जेवढं पाहिलं तेवढंच म्हणणारं वाक्य लिहायला कुणी फारसं शिकवत नाही.

तसाच प्रसंग घरातही आला. दुल्हेभाईंनी अभिमानाने विचारलं, "आता सांग, आपल्या रानात बोअर कुठे मारू?" त्यांच्या रानात पाणाडी नारळ घेऊन फिरून गेला होता आणि त्याने बांधाजवळची जागा दाखवली होती. ही मुलगी वडिलांना म्हणाली, "अब्बा, अडतीस विहिरींवरून ते सांगता येत नाही. आपल्या शेजारच्या सात बोअरपैकी पाच कोरडे गेले, एवढंच सांगू शकते." दुल्हेभाई जरा नाराज झाले. दोन वर्षं पुण्याचा खर्च केला आणि पोरगी म्हणते, सांगता येत नाही! पण त्यांनी बोअर अजून मारलेला नाही. पैसे बँकेत आहेत. जुन्या विहिरीतला गाळ मात्र काढून घेतला.

मार्चमध्ये प्रोजेक्ट जमा झाला. बासष्ट पानं, चार नकाशे. एक प्रत तिने ग्रामपंचायतीत दिली. गावात दोन-चार दिवस कुजबुज झाली, क्रमांक कुणाचा हे अर्थातच सगळ्यांनी ओळखलं. चाचा त्या ईदला आपाकडे शीरखुर्म्याला आले नाहीत. महिन्याभराने आले. बोअर त्यांनी बंद केला नाही, पण उन्हाळ्यात मोटर दिवसाआड चालवायचं पंचायतीसमोर कबूल केलं. ते पाळलं जाईल का, हे भाषणांवरून कळणार नाही, मेच्या मोजणीवरूनच कळेल.

हे सगळं बघताना मला आपल्याच वारशातल्या काही गोष्टी आठवल्या. अकराव्या शतकाच्या सुरुवातीला अल-करजी या गणितज्ञाने जमिनीखालचं पाणी शोधून वर कसं आणावं यावर अरबीत एक स्वतंत्र ग्रंथ लिहिला. अल-बिरुनीने हिंदुस्थानातल्या नद्यांकाठचे दगडगोटे बघितले. डोंगराजवळ मोठे, पुढे लहान आणि समुद्राजवळ वाळू. त्यावरून त्याने तर्क केला, की हे मैदान कधीकाळी समुद्र होतं आणि नद्यांच्या गाळाने भरून आलं. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला मलिक अंबरने आजच्या छत्रपती संभाजीनगरात जमिनीखालचं पाणी उताराने शहरात आणणारी नहर बांधली, ती नहर-ए-अंबरी. आपण ही नावं जलशांमध्ये अभिमानाने घेतो. पण त्या लोकांनी दगड हातात घेतला होता, उतार मोजला होता. त्यांचा अभिमान बाळगायचा आणि आपल्या मुलीला टेप घेऊन रानात जाऊ द्यायचं नाही, हे जमत नाही.

आई-वडिलांसाठी दोन-चार गोष्टी, शिक्षिका म्हणून सांगते. पदवीला असलेल्या मुला-मुलीने प्रोजेक्ट म्हटलं की तो विकत किंवा उसना मिळतो का, ही चौकशी करू नका. विषय आपल्याच गावचा निवडायला सांगा, म्हणजे खर्च कमी आणि राहण्याची काळजी नाही. भाचीचा खर्च टेप, क्षार मोजायचा मीटर आणि छपाई धरून तीन हजारांच्या आत भागला. मुलगी बाहेर जाणार म्हणून भीती वाटत असेल तर बरोबर भाऊ द्या, वेळ ठरवा, सरांचा नंबर घ्या, पण 'नको' हा पहिला शब्द नसू द्या. आणि पुढे काय, असं विचाराल तर या विषयात एम.एस्सी.साठी आय.आय.टी.ची जॅम परीक्षा आहे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण आणि केंद्रीय भूजल मंडळासाठी यूपीएससी वेगळी परीक्षा घेते. राज्यात भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आहे. पाणी शोधणाऱ्या आणि राखणाऱ्या माणसांची गरज आपल्या राज्यात इतक्यात संपणार नाही.

भाचीने आता चौथ्या वर्षासाठी हेच काम पुढे घ्यायचं ठरवलं आहे. गावातल्या नववी-दहावीच्या चार मुलींना तिने टेप सोडायला शिकवलं आहे. त्यांतल्या दोघींनी माझ्याकडे निरोप पाठवला की मे महिन्यासाठी खडू हवेत. मी एक अख्खी पेटी बाजूला काढून ठेवली आहे.